स्ट्रॉबेरी पिकवणारा गंज

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गंज आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. गंज म्हणजे आमच्या वाशीमकडे भात-वरण रांधायचं खोलगट भांडं. कुणी मला हात लावला की आधी वाटतं, हा मला भंगारात नेणार!

लग्नाच्या वर्षी उकंडरावांनी मला मंगरूळपीरच्या बाजारातून आणलं. दुकानदाराने ठोकून ठोकून, टिंबाटिंबांनी त्यांचं नाव माझ्या कडेवर घातलं. पुढे उकंडराव गेले. भागिरथाबाई मला घासताना त्या नावावरून अंगठा फिरवायच्या. दुसऱ्या भांड्यांचे असे लाड नव्हते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

गेल्या बुद्धपौर्णिमेला शेजारच्या रूपाबाईंनी खिरीसाठी मला मागून नेलं. दोघींची तीस वर्षांची मैत्री. माझं बूड आधीच झिजलेलं. खीर करपली आणि खरवडताना भोक पडलं. दुसऱ्या दिवशी रूपाबाई मला परत द्यायला आल्या, तर दाराला कुलूप. भागिरथाबाई रिठदला लेकीकडे गेलेल्या. रूपाबाईंनी मला मागच्या ओट्यावर पालथं ठेवलं आणि लगबगीने निघून गेल्या. भोकाचं सांगावं लागू नये म्हणून पळाली, असं मी तेव्हाच मनात म्हटलं.

संध्याकाळी साक्षी कचेरीतून आली. ही घरातली नवी सून. कुठलं भांडं कोणाचं, तिला काय ठाऊक! गळकं भांडं टाकून दिलंय असं समजून तिने मला गच्चीवर नेलं आणि खिळ्याने बुडाला आणखी पाच भोकं पाडली. ज्याने जन्मभर थेंब गळू दिला नाही, त्याला भोकं! ही पोरगी माझी वैरीणच वाटली मला. शिवाय उन्हात मुळं तापू नयेत म्हणून बाहेरून चुन्याचे दोन हात दिले. कडेवरचं नाव तिने वाचलंही नाही, ते झाकलं गेलं. थंडी लागल्यावर आत तीन इवली रोपं आली. डोंगरी स्ट्रॉबेरी म्हणे. वेल पसरत नाही, जागच्या जागी झुबका धरून बसते. फळ नखाएवढं. एवढ्याशासाठी एवढा खटाटोप!

खाली मात्र भागिरथाबाई रिठदहून परतल्या त्याच दिवशी पेटलं होतं.

"साक्षी, रूपानं गंज आणून देल्ला काय?"

"नाही आई, माह्या हाती तं नाही देल्ला."

खोटं नव्हतं ते; गच्चीवरचं गळकं भांडं म्हणजेच तो गंज, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. भागिरथाबाई तडक कुंपणाशी गेल्या.

"रूपा, माहा गंज कुठी आहे?"

"ओट्यावर ठेवला होता व मी!"

"मंग काय त्याले पाय फुटले?"

झालं, बोलणं बंद. ओट्याची गोष्ट साक्षीच्या कानी गेलीच नाही. गुडघ्यांमुळे भागिरथाबाईंना गच्ची चढवत नव्हती. खरं मला ठाऊक होतं, तरी भोकापायी मीही रूपाबाईंवर दात धरून होतो. कबूल करतो.

मार्चमध्ये गच्ची तापली, तशी साक्षीने मला मोरीजवळच्या सावलीत आणलं. भागिरथाबाई पाणी घालायच्या, पण विचारायच्या, "हे खाऊन माणूस मरत तं नाही ना?" एका सकाळी फळांचा गोड वास सुटला. हात लावताच लालभडक फळं देठापासून सुटून तळहातावर आली. तेवढ्यात त्यांचा अंगठा माझ्या कडेला घासला. रोजच्या पाण्याने चुन्याचे पोपडे सुटले होते. अंगठ्याला टिंबं लागली. त्या नखाने खरवडू लागल्या.

"अगं माय!" चुन्याखालून उकंडरावांचं नाव वर आलं होतं. "मी रूपाले चोर समजली व!"

साक्षी रडवेली झाली. "आई, मले माहीत नव्हतं."

"तुहं काय चुकलं? मी एकदा तरी गच्चीवर पाहाले लावाचं होतं."

वाटीभर फळं घेऊन त्या कुंपणाशी गेल्या. रूपाबाईंनी तोंड फिरवलं. "कायले आली?"

"गंज घरातच होता, रूपा. माहं चुकलं."

रूपाबाईंनी वाटीचा वास घेतला, डोळे बारीक केले. "पयले तू खाय."

भागिरथाबाईंनी एक फळ तोंडात टाकलं. रूपाबाईंनीही टाकलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "भोक माह्या हातून पडलं व. सांगाले भेव लागला."

मित्रांनो, झाडाला सावली द्या, पाणी द्या. आणि माणसावर संशय घेण्याआधी घराचे कोपरे नीट पाहून घ्या. मीही शिकतो आहे. परवा साक्षी ब्रश घेऊन आली, तेव्हा भंगाराची भीती वाटलीच. पण तिने नव्याने चुना दिला आणि नावापुरती जागा मोकळी सोडली.