पत्रिका, चहा आणि शोषणक्षमता

पुडक्यावर छापलेला दावा असा होता : 'बारा तास संपूर्ण संरक्षण.' छापील दाव्यांवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे मी लातूरच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर शिकवत आलो. विषय भौतिकशास्त्र. त्यामुळे निवृत्तीनंतरही एका सकाळी मी थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, प्रौढांसाठीचा एक डायपर उलगडून पसरला आणि मोजपात्रातून त्यावर मिठाचे पाणी ओतू लागलो.

"मिठाचं कशाला?" गौरम्माअक्काने विचारले.

"आतली भुकटी साधं पाणी भरपूर पिते, खारं असलं की कमी पिते. आणि दाजींच्या अंगातून काही साधं पाणी बाहेर पडत नाही. कंपनीनं कोणतं पाणी ओतून बघितलं, ते पुडक्यावर लिहिलेलं नाही."

"मल्लू, त्या ओट्यावर मी नैवेद्य करते रे."

"कोरा आहे, अक्का."

"कोरा असला तरी डायपरच हाय की!"

डायपर जमिनीवर आला. माणूस डायपर घालून उभाच राहतो असे नाही, तो बसतोही. म्हणून मी त्यावर पाट ठेवला आणि पाटावर तूरडाळीचा अर्धा कट्टा, म्हणजे अर्धे पोते. डाळ घरचीच होती. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान गुंडप्पा, लातूरच्या मोंढ्यात डाळीचे व्यापारी. खाली अंथरलेले वर्तमानपत्र कोरडे राहिले. दावा टिकला, याचे मला किंचित वाईट वाटले. 'बारा तास' या शब्दांना मात्र काही अर्थ नव्हता. भांड्यात किती मावते हे तासांत सांगत नाहीत.

या प्रयोगाचे कारण दाजींची पौरुषग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट. ती वाढली होती. औषध चालू होते, शस्त्रक्रिया मुलीच्या लग्नानंतर ठरली होती. पण तोवर दाजींना लघवीची हाक यायची ती पूर्वसूचनेशिवाय आणि तातडीची. आणि आता लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या. आमच्याकडे मुलीची पत्रिका टपालाने किंवा मोबाइलवर पाठवणे हा अपमान समजतात. आई-बाप घरोघरी जातात, आई कुंकू लावते, बाप पत्रिकेसोबत अक्षता देतो, आणि यजमान चहा पाजल्याशिवाय उठू देत नाही. चहा नाकारला की त्या घरी चर्चा सुरू होते : कशाचा राग धरला असेल?

दाजी काही वर्षांपासून चहा नाकारत होते. पाणीही. कपावर पालथा पंजा ठेवून ते घाईघाईने निघायचे, आणि अर्ध्या जिल्ह्याने ते गर्विष्ठ असल्याचे ठरवून टाकले होते. त्यांच्या थोरल्या भावाने, बिलोलीच्या गुरुबसप्पांनी, तर संबंधच तोडला होता. चार वर्षांपूर्वी त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला दाजींनी पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही आणि पंगत बसण्याआधी ते पसार झाले. "ज्याला माझ्या घरचं पाणी चालत न्हाई, त्यानं माझ्या दारात येऊ नये," असे गुरुबसप्पा भरल्या मांडवात म्हणाले होते. दाजींनी खरे कारण कुणालाही सांगितले नाही. गर्विष्ठ म्हणवून घेणे त्यांना त्यापेक्षा सोपे वाटले.

पण नवऱ्या मुलीने, दामिनीने, हट्ट धरला होता. "मोठे अप्पा मांडवात नसतील तर मी अक्षतेला उभी राहणार नाही." तिला नर्सिंगला पाठवण्यास सगळे घर विरोधात असताना एकटे मोठे अप्पा, म्हणजे गुरुबसप्पा, तिच्या बाजूने भांडले होते. आता ती नांदेडच्या एका रुग्णालयात परिचारिका होती, नवरा मुलगाही नांदेडचाच. लग्नही तिथेच होते. डायपरची कल्पना तिचीच.

"मला काय लेकरू समजून राहिलात का?" दाजी कडाडले.

"अप्पा," दामिनी शांतपणे म्हणाली, "करोनात तुम्ही माझ्यासाठी गच्चीवर चढून थाळी वाजवली होती ना?"

"हाव. पितळेची. पोचा आला तिला."

"तेव्हा मी काय घालून काम करत होते?"

"ते पांढरं. अंतराळवाल्यासारखं."

"आणि त्याच्या आत?"

दाजींची नजर पुडक्याकडे वळली.

"किट एकदा चढवलं की ड्यूटी संपेपर्यंत उतरवता यायचं नाही. अख्खा वॉर्ड डायपरवर चालला, अप्पा. रोग्यांचं सांगत नाही, आमचं सांगते."

"अंतराळवीरही हेच घालतात," मी पुरवणी जोडली. "तेव्हा दाजींनी दिलेली उपमा तंतोतंत आहे."

दाजींनी बराच वेळ छताकडे पाहिले. "म्हंजे," ते अखेर म्हणाले, "मी डायपरसाठी थाळी वाजवली."

"वाजवली. आता घाला."

गाडी मी चालवणार होतो. निघताना दामिनीने मलाही एक देऊ केला. माझे मूत्राशय पूर्णपणे प्रमाणित अवस्थेत असल्याचे सांगून मी तो परत केला.

निलंग्याच्या पहिल्या घरी कप समोर आला आणि सवयीने दाजींचा पंजा कपावर गेला. तो तिथे क्षणभर थांबला. मग बोट बोट करून बाजूला सरला. त्यांनी कप उचलला, फुंकर न घालता एक घोट घेतला आणि डोळे मिटले. एवढे सुख मी कुणाच्या चेहऱ्यावर निकाल लागल्यावरही पाहिलेले नाही. "अजून अर्धा मिळंल का?" त्यांनी विचारले, आणि घरातली बाई पातेले आणायला अक्षरशः धावली.

त्यानंतर त्यांना आवरणे कठीण झाले. शिरूर अनंतपाळला चहा, ताक आणि पुन्हा चहा. उदगीरच्या वाटेवर गुऱ्हाळ दिसताच त्यांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला; तिथे तर पत्रिका द्यायला ओळखीचे कुणीही नव्हते. गाडीत ते गाऊ लागले. अक्का खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. मी मनातल्या मनात बेरीज करत होतो. पाहुणा म्हणून प्रत्येक कप मलाही घ्यावा लागत होता, हे मात्र मी बेरजेत धरले नाही.

"देगलूरला बदला," मी म्हणालो.

"अजून जागा हाय, मास्तर."

"जागा आहे की नाही ते प्रयोग ठरवतो, तुमचा उत्साह नाही."

देगलूरच्या नातेवाइकांच्या न्हाणीघरात त्यांनी नवा चढवला. जुना वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत गेला. "बिलोलीला कोरं जायला पाहिजे," ते गंभीरपणे म्हणाले, जणू परीक्षेची पाटी पुसत होते.

गुरुबसप्पा बैठकीत बंगईवर झोके घेत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. भावाकडे न पाहता ते आत ओरडले, "लक्ष्मे, पाहुणे आलेत. गौरम्माला पाणी दे. दुसऱ्या कुणाला इचारू नको."

दाजींनी पुढे होऊन लक्ष्मम्मावहिनींच्या हातचा तांब्या घेतला आणि वरून धार धरून रिकामा केला.

बंगई थांबली.

"अण्णा, पत्रिका..." दाजी म्हणाले.

"पत्रिका मागून. आधी चहा." आवाजात आव्हान होते.

चहा आला. त्या घरचा रिवाज असा, की पाहुणा उठेपर्यंत यजमान उठत नाही आणि पाहुण्याबरोबर यजमानालाही कप घ्यावा लागतो. दाजींनी कप संपवला. गुरुबसप्पांनी संपवला. वहिनींनी दोन्ही भरले. तेही संपले. भाऊ आता उठेल, मग उठेल, याची गुरुबसप्पा वाट पाहत होते. आणि दाजी पाट-कट्ट्याच्या प्रयोगातल्या कट्ट्यासारखे स्थिर बसले होते.

"तुला काम असंल लातूरला," गुरुबसप्पा म्हणाले.

"काहीच न्हाई."

"गाडी न्यायची असंल अंधाराच्या आत."

"घरचंच हाय की, अण्णा. काय घाई? वहिनी, अजून अर्धा."

आणि तेव्हा मला एक अनपेक्षित निरीक्षण करायला मिळाले. गुरुबसप्पांचा उजवा गुडघा हलत होता. आधी सावकाश, मग जोरात. वारंवारता वाढत चालली होती. कपाळावरचे भस्म ओलसर झाले. तरी ते बोलायला लागले, बहुधा बोलण्याने वेळ निघेल म्हणून.

"चार वर्सांमागं माझ्या वास्तूला आलास. पाण्याला शिवला न्हाईस. पंगतीच्या आधी पळालास. साऱ्या गावासमोर माझी शोभा केलीस. का पळालास? सांग आज. का पळा..."

वाक्य अर्धवट राहिले. धोतराचा सोगा एका हाताने धरून गुरुबसप्पा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने आत, बायकांच्या खोलीतून मागच्या परसात नाहीसे झाले. बंगई रिकामीच झुलत राहिली.

लक्ष्मम्मावहिनींनी कपाळावर हात मारला. "तीन वर्सं झाली हेच. लग्नाचं बोलावणं येऊ दे, बारशाचं येऊ दे, हे रुसून बसतात. रुसलेल्या माणसाला कोण इचारतंय, का आला न्हाईस म्हणून?"

दाजींनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. अक्काने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलू लागले.

गुरुबसप्पा परतले ते मान खाली घालून. दाजींनी त्यांना बंगईवर बसू दिले.

"अण्णा, त्या दिवशी मी ह्याच्यासाठीच पळालो हो."

"कशासाठी?"

"आत्ता तुम्ही कशासाठी पळालात?"

गुरुबसप्पांनी वर पाहिले. "मग बोलायचं की, मूर्खा!"

"तुमच्या संडासाची वाट बायकांच्या खोलीतून. त्या दिवशी तिथं व्याहीणबाई बसलेल्या. त्यांना काय बोलू? आणि तुम्ही तरी कुठं बोललात तीन वर्सांत?"

गुरुबसप्पांनी पायाने बंगईला झोका दिला. मग थोरल्याला संशय आला. "पण आज? तांब्या प्यालास, कपावर कप प्यालास, आन् देवासारखा बसून राहिलास!"

दाजींनी कमरेच्या बाजूला थाप मारली. धोतराच्या आत काहीतरी सळसळले. "मास्तर, सांगा."

मी भुकटी समजावली, मिठाचे पाणी समजावले. गुरुबसप्पा परीक्षकासारखे ऐकत होते.

"डाळीचा कट्टा ठिवला?"

"अर्धा. पाटावर."

"गळलं न्हाई?"

"एक थेंब नाही."

त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या मापाचं हाय का?"

"दोघांची कंबर एकाच बापाची, अण्णा," दाजी म्हणाले आणि मला गाडीकडे पिटाळले.

मी पुडके टॉवेलात गुंडाळून आणले. अक्काने वहिनींना कुंकू लावले, दाजींनी भावाच्या हाती पत्रिका आणि अक्षता दिल्या, पाया पडले, आणि टॉवेल काढून वर ते पुडके ठेवले. पत्रिकेसोबत आलेल्या वस्तूला कुंकवाचे बोट लावायचे, या सवयीने वहिनींनी त्यालाही लावले. 'संपूर्ण संरक्षण' या शब्दांवर तो ठिपका नेमका बसला.

गुरुबसप्पा पुडके घेऊन आत गेले. आले तेव्हा बैठकीत दोन येरझाऱ्या घातल्या, बंगईवर बसले, उठले, पुन्हा बसले. "लक्ष्मे! माझा डोक्याचा जरीचा रुमाल काढ. गुंडू, नांदेडच्या पत्रिका ऱ्हायल्यात का?"

"ऱ्हायल्यात. उद्या..."

"उद्या कशाला? माझ्या पोरीचं लगीन हाय. चल!"

नरसीला त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा प्यायला लावला. नायगावला पुन्हा. मागच्या सीटवर दोघे भाऊ चार वर्षांचे बोलणे भरून काढत होते आणि अक्का मध्ये बसून दोघांना गप्प करण्याचे नाटक करत होती. नायगाव मागे पडल्यावर थोड्या वेळाने मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"पंक्चर का, मास्तर?" दाजींनी विचारले.

"नाही."

मी दार उघडल्याच्या वेगावरून त्यांना कळले असावे. "आगं बाबौ!" गुरुबसप्पा ओरडले. "साऱ्या जगावर प्रयोग, आन् स्वतः कोरडा!"

"सावकाश होऊ द्या, मास्तर! आमाला काही घाई न्हाई! आमी बसतो हितं!" दाजी मागून ओरडले.

कुणीतरी पुढे वाकून हॉर्न वाजवला. पळता पळता अक्काचा फोन वाजलेला मला ऐकू आला. दामिनी होती; प्रश्न काय असणार ते ठाऊकच होते.

"आले गं, आले तुझे मोठे अप्पा," अक्का हसण्यातून वाट काढत सांगत होती. "दोघं बी गाडीत आरामात बसलेत. तुझा मामा तेवढा बाभळीमागं हाय."