नकार कुणी दिला

"सोलापूरकडं लई ऊन असंल न्हाय गं आता?" मी हर्षालीला विचारलं.

ती भाकरी थापत होती. माझी सून आहे, पण कधीकधी ती मला माझ्यापेक्षा जास्त ओळखते, आणि ते मला आवडत नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि हसू दाबत म्हणाली, "आत्या, सोलापूरहून रातीच निघालंय. सकाळी उमरग्याला पोचलं. आज घरी येतंय बघा."

"काय येतंय?"

"पार्सल. दुसरं काय?"

"म्या पार्सलचं विचारलं का? म्या उन्हाचं विचारलं."

"व्हय व्हय. मग ऊनच येतंय घरी."

अशी जीभ चालवायला ती माझ्याकडूनच शिकली, त्यामुळं तिला रागवायची सोय नाही.

पार्सल माझ्या लेकीनं पाठवलं होतं. शिवांजली पुण्याला दवाखान्यात नर्स आहे. आमचे मालक गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी सगळी भावकी बसलेली होती, आणि ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मायनं येळेवर कळवलं असतं तर आबा वाचले असते." त्या माणसाचं मी सगळं एकटीनं केलं होतं. अंथरुणात घास भरवला, कूस बदलली, कुणाला कमी-जास्त बोलले नाही. आणि माझ्या पोटची पोर भावकीसमोर मला असं म्हणते. मी तिथंच सांगितलं, या घरात आता तुझं काही नको. तिनं पिशवी उचलली आणि गेली. मागं वळून बघितलं नाही. माझीच लेक, वाकणार कशाला?

मागच्या दिवाळीला तिनं मिक्सर पाठवला होता. मी खोकंसुद्धा फोडलं नाही, पुण्याच्या गाडीत ठेवून परत लावला. साऱ्या गावानं बघितलं. गावानं बघावं म्हणूनच दिवसाढवळ्या लावला.

आता हे दुसरं. कंपनीतून थेट येणार, माझ्या नावावर. आत काय आहे ते हर्षाली सांगत नव्हती आणि मी विचारत नव्हते. तिच्या मोबाईलमध्ये एक रेघ होती, रेघेवर ठिपके. सामान जिथवर येईल तिथवर रेघ हिरवी होत जायची. मागणी घेतली, सामान बांधलं, निघालं, जवळच्या गोदामात आलं, आणि सगळ्यात खाली, घरी पोचलं. हर्षाली मोबाईल पुढं करायची. मी म्हणायचे, माझ्याजवळ चष्मा नाही. मग ती तो तसाच उघडा ठेवून धुणं वाळत घालायला जायची. मुद्दाम. मी चष्मा काढायचे आणि एकेक अक्षर लावून वाचायचे.

पूर्वी शिवांजली पुण्याहून यायला निघाली की अशीच वाटेत कळवायची. माय, टेंभुर्णी सोडली. माय, सोलापूर आलं. माय, चहा ठेव. त्या रेघेनं माझा जीव तसाच वर-खाली करून टाकला होता, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

सकाळची भाकरी खाल्ल्याबरोबर मी तूर निवडायला सूप घेऊन ओट्यावर बसले. आमची वसाहत भूकंपानंतरची, सगळी घरं एका साच्यातली. नवखा माणूस दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. म्हटलं, आपण दिसत राहिलेलं बरं.

शेजारची महेश्वरी नवऱ्याचा डबा घेऊन निघाली होती. तिच्या नवऱ्याचं, बंडप्पाचं, फाट्यावर हॉटेल आहे.

"काकू, सकाळधरनं ओट्यावरच? कुणाची वाट बघायलाव?"

"तुझीच. कवा येतीस आन् कवा माझं डोस्कं खातीस म्हणून."

"शिवांजलीनं कायतरी पाठवलंय म्हणं."

"पाठवंना का. आलं की दारातनंच परत लावते. मिक्सरचं ध्यानात हाय न्हवं?"

महेश्वरीला पाहिजे होतं ते मिळालं. ती हसत हसत डबा घेऊन गेली. माझा आवाज मुळातच मोठा. पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल.

मग मी बसून राहिले. मोटारसायकल वाजली की मान वर. एकदा गॅसवाला निघाला, एकदा कुणाचातरी जावई. भावकीतली बाळंतीण बघायला जायचं होतं, गेले नाही. तूर निवडून झाली तर निवडलेलीच परत निवडायला घेतली. पाणीसुद्धा बेतानं प्यायले. अलीकडं संडासात बसलं की उठायला भिंत धरावी लागते, गुडघे सुटता सुटत नाहीत, आणि तेवढ्यात तो माणूस येऊन गेला तर? गुडघ्याचं हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काय त्यात?

दिवस कलला. म्हशी परत आल्या. हर्षाली आतून मोबाईल घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"आत्या, कुणी आलतं का?"

"कुणी न्हाय."

"तुमी कुणाला काय म्हणलाव का?"

"आगं कुणाला म्हणू? काय झालं ते सांग आधी."

तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. मी पदराआडून चष्मा काढला, आता लपवायला वेळ नव्हता. रेघ शेवटच्या ठिपक्यापाशी लाल झाली होती. खाली लिहिलं होतं, ग्राहकाने सामान घेण्यास नकार दिला.

मी परत वाचलं.

"ग्राहक कोण?"

"तुमी."

"म्या कवा नकार दिला? बूड हलवलं न्हाय म्या इथनं!"

"मला ठावं हाय, आत्या. पण ताईंच्या मोबाईलवर बी हेच दिसतंय."

माझ्या मांडीवरचं सूप खाली गेलं. तूर ओटाभर झाली.

"तिचं काय आलं का?"

"आलं. नुसतं 'बरं' एवढंच लिवलंय."

दुसरं काही लिहिलं असतं तर चाललं असतं. भांडण लिहिलं असतं, बोल लावले असते, तर मलाही तोंड उघडता आलं असतं. 'बरं' या शब्दाला काय उत्तर द्यायचं?

हर्षालीनं तिला लिहून कळवलं, की आत्या दिवसभर वाट बघत होत्या. उत्तर आलं, वहिनी, तू तिला पाठीशी घालू नको, माझी माय मला माहीत आहे. हर्षालीनं फोन लावला तर ती ड्यूटीवर होती.

"आता त्या खोक्याचं काय व्हतं?" मी विचारलं.

"उद्या उमरग्यावरनं परत जाईल."

रात्री मी किती वेळा कूस बदलली ते माझं मला माहीत. सकाळी डोक्यावर पदर घेऊन तयार झाले तसा माझा लेक रणधीर म्हणाला, "माय, एका खोक्यापायी एवढा तमाशा?"

"तुझ्या बारशाला ह्याच्यापेक्षा मोठा झालता. तवा कुणी काय म्हणलं न्हाय. हर्षाली, चल."

एसटीची पायरी उंच. हर्षालीनं मागून हात दिला, मी झटकला, आणि दांडा धरून चढले. बसमध्ये कुणाशी बोलले नाही. फाट्यावर बंडप्पाच्या हॉटेलापुढं गाडी थांबली, तर तो आतून नमस्कार करत होता. मी तिकडं बघितलंच नाही. का ते मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

उमरग्याला ते गोदाम हायवेला लागून होतं. एक शटर, आत खोक्यांच्या थप्प्या, बाहेर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचा सारखा आवाज. बनियनवर एक गडी खोकी मोजून टेम्पोत टाकत होता. हर्षालीनं विचारलं तर आमच्या माकणी गावाकडची लाईन त्याचीच. बिराप्पा नाव.

"म्या मथुराबाई. माकणीची," मी म्हणाले. "म्या नको म्हणलं असं तुझ्या मोबाईलमधी कुणी घातलं? तू आलतास माझ्या दारात? माझं तोंड बघितलंतास?"

"आज्जी, आधी बसा की."

"बसायला न्हाय आले म्या."

त्यानं कपाळ पुसलं. "म्या मनानं न्हाय घातलं, आज्जी. तुमच्या वसाहतीत समदी घरं सारखी, मागं एकदा तासभर हिंडलोय. म्हणून फाट्यावर हॉटेलात पत्ता इचारला. तर ते बंडप्पा म्हणले, मथुराबाईचं? लेकीनं पाठवलेलं असंल. कशाला आत जातूस उगं? ती दारातनंच परत लावती. आत्ता माझ्या बायकूला म्हणलीय, म्हणले. शेजारी बसलेले बी व्हय म्हणले. मग म्या काय करू? गावच सांगतंय म्हणल्यावर दाबलं नकार."

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. ती कुणाला द्यायची ते कळेना.

हर्षाली जमिनीकडं बघत होती.

"बरं, झालं ते झालं," मी म्हणाले. "आण माझं खोकं."

"तसं देता न्हाय येत. परत जायचं पडलंय त्याच्यावर. आता ज्यानं मागवलं त्याच्या मोबाईलवर आकडे जातेत. त्यांनी ते सांगितले तरच इथं घेतलं म्हणून पडतं."

तो आत गेला आणि थप्पीतून खोकं ओढून घेऊन आला. चांगलं मोठं होतं. बाहेरून चित्र छापलेलं. दोन्ही बाजूंना धरायला दांडे असलेली एक खुर्ची, आणि बसायच्या जागेला मधोमध भोक. संडासात ठेवायची खुर्ची.

म्हणजे पुण्यात बसून तिला माझे गुडघे कळले होते. मी हर्षालीकडं बघितलं. तिनं नुसता पदर सारखा केला. टेम्पोवरचे दोघं जण चित्राकडं बघून एकमेकांना कोपर मारत होते. हे खोकं घेऊन मी एसटीत बसणार, गावात उतरणार, वसाहतीतून चालत जाणार.

हर्षालीनं बाजूला जाऊन फोन लावला. थोडं बोलली, मग मोबाईल हातानं झाकून माझ्याजवळ आली. "ताई म्हणतेत, ऱ्हाऊ दे. जाऊ दे परत. मायला उगं कशाला वढत नेलंस तिथवर?"

"काय करू, आज्जी?" बिराप्पानं विचारलं. "का खरंच नको?"

एवढंच म्हणायचं होतं. नको. गावात माझं नाव आहे तसं राहिलं असतं.

मी हात पुढं केला. "फोन दे."

"वहिनी, ऐक ना—" शिवांजली बोलत होती.

"म्या हाय."

तिकडं मागं दवाखान्यातल्या ढकलगाडीची चाकं वाजली, कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

"म्या नको म्हणलं न्हाय," मी म्हणाले. "त्यो गडी घरला आलाच न्हाय. म्या दिवसभर ओट्यावरच हुते."

"दिवसभर?"

"तूर निवडायची हुती."

मग ती हळूच म्हणाली, "माय, काय हाय ते बघितलंस का?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय? आकडे सांग. हितं माणूस खोळंबलाय."

बिराप्पानं बटण दाबलं. तिकडं टुंग वाजलं. शिवांजलीनं नाक ओढलं आणि एकेक आकडा सांगितला. मी एकेक मोठ्यानं म्हणत गेले, बिराप्पाचं बोट चालत गेलं.

"झालं, आज्जी. हिरवं झालं," तो म्हणाला, आणि खोकं माझ्या पुढ्यात सरकवलं.

मी चित्राची बाजू वर केली आणि त्याच्यावर बसले.

"ऐकू न्हाय आलं," मी फोनमध्ये म्हणाले. "परत सांग."

बिराप्पा हातानं खूण करू लागला, झालं, झालं. मी त्याच्याकडं पाठ केली. एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत मी फोन कानाशी घट्ट धरून ठेवला.

"सात," शिवांजली म्हणाली.

"हां. फुडं?"