सासूबाईंचा मोजा आणि माझा श्वास

मी टर्बो बोलतोय. डिझेल व्हॅनच्या इंजिनाला चिकटून बसलेला, दिसायला गोगलगाय. पण तसं म्हणालात तर राग येईल, कारण मिनिटाला लाखभर गिरक्या मारतो मी. इंजिनाने टाकलेल्या धुराच्या जोरावर फिरायचं आणि ताजी हवा ओढून त्याच्याच छातीत कोंबायची, हा माझा धंदा.

कारखान्यातून मी थेट एका लॉन्ड्रीवाल्याच्या व्हॅनमध्ये आलो. हॉटेलांच्या पांढऱ्याशुभ्र चादरी पोचवायचं काम. चढावर माझी बारीक शिट्टी वाजते. काम करताना कोण गुणगुणत नाही?

एकदा मालकांच्या सासूबाई पुढे बसल्या होत्या. चढ लागला, मी वाजलो. त्या म्हणाल्या, "जावईबापू, या वयात मला शिट्टी कोण मारतंय?"

मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताच त्यांनी धुतलेल्या ढिगातला एक लाल लोकरी मोजा उचलला आणि हवेच्या नळीच्या तोंडात कोंबला. लॉन्ड्रीवाल्याकडे एकटा मोजा कायम हाताशी असतो. हा मात्र सासूबाईंचा निघाला. त्या घरभर शोधायला लागल्या तेव्हा मालक गुपचूप काढायला आले, पण तोवर मी तो आत ओढला होता. ओढणं हा माझा स्वभावच, त्याला मी काय करू?

शिट्टी बंद झाली आणि माझा श्वासही कोंडला. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे काळा धूर. व्हॅन चढावर रांगायला लागली. मागचं दार उघडून चादरी उतरवेपर्यंत त्यांवर काजळी बसायची.

शेवटी गॅरेज गाठलं. सासूबाईही सोबत होत्या. मिस्त्रीकाकांनी धूर पाहिला आणि मान हलवली. "टर्बो गेला. नवा बसवू, हा भंगारात."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी मालकांकडे आशेने पाहिलं. ते छताकडे बघत होते. खरं सांगतो, तेव्हा मला रडू आलं.

पण काकांची एक सवय. कुठलाही टर्बो काढण्याआधी ते बोटाने त्याच्या पंख्याचा दांडा हलवून ढिला झालाय का ते बघतात. तिथे पोचायला त्यांनी नळी सोडवली, हवा गाळणाऱ्या फिल्टरचा डबा उघडला आणि लाल लोकर बाहेर लोंबली. माझा दांडा तर ठणठणीत होता.

"माझा मोजा गाडीने खाल्ला?" सासूबाईंनी विचारलं.

"खाल्ला नाही, कुणीतरी भरवलाय," काका म्हणाले.

मालकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. "तुम्हाला राग आला असं वाटलं," ते सासूबाईंना म्हणाले.

"राग कशाला? इतक्या वर्षांनी कुणीतरी शिट्टी मारली होती. बरं वाटलं होतं मला."

तर मंडळी, काळा धूर दिसला की आधी हवेची वाट तपासा, मग आम्हाला फासावर चढवा. एवढीच विनवणी.

आता सासूबाई दर आठवड्याला हट्टाने पुढेच बसतात. चढ जवळ आला की आरशात बघून केस सारखे करतात, आणि मी जीव ओतून वाजतो.