मी बाहेरची

मी बाहेरची बोलतेय. नाव ऐकून भलतंसलतं मनात आणू नका. दुकानदाराने मला विकताना 'बाहेरची हार्ड डिस्क' असं म्हटलं, तेव्हापासून या घरात माझं तेवढंच नाव उरलं. कॉम्प्युटरच्या पोटात कायमच्या राहतात त्या आतल्या. माझ्यासारख्या वायरने जोडायच्या आणि काम झालं की काढून ठेवायच्या, त्या बाहेरच्या. "बाहेरची कुठे गेली गं?" "असेल खणात." एवढीच माझी विचारपूस.

दिसायला मी साबणाच्या वडीएवढी आणि स्वभावाने पहिल्यापासून भित्री. माझ्या आत एक चकती गरगर फिरते आणि तिच्या अगदी जवळून, पण तिला न शिवता, एक बारीक टोक सरकत असतं. जोराचा धक्का बसला की खेळ खलास. असा जन्म मिळाल्यावर धीट होणार तरी कशी?

चिमीने मला विकत आणलं. ती पडदे शिवते. तिच्या कामाच्या खोलीत कापडं कापायचं मोठं टेबल आहे, भिंतीला टेकवून ठेवलेली ठाणं आहेत, डबाभर कड्या आहेत आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर आहे. त्याला मी थोरला म्हणते. गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं सांभाळायची म्हणून त्याचा तोरा मोठा. माझा मुक्काम टेबलाच्या खणात, मोजपट्टी आणि खडूंच्या शेजारी. खण नीट लागत नाही, त्या फटीतून मला खोली दिसते.

चिमीची आई पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावर उभी राहून ती हाक मारायची, आणि तो आवाज पाण्यात डोकं असलेल्या पोरांनाही ऐकू जायचा म्हणे. पुढे पुढे तिने घसा वाचवायला टाळ्या सुरू केल्या. दोन टाळ्या म्हणजे 'बाहेर'. ज्याने त्याने असेल तिथून काठ गाठायचा. का, ते बाहेर आल्यावर विचारायचं. चिमीही तिच्याच हाताखाली पोहायला शिकली, त्यामुळे तिलाही सूट नव्हती.

मग आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी जमेल तितकं बोलून ठेवा, त्यावरून टॅबलेटमध्ये तुमचाच आवाज बसवता येतो. त्यांनी वाचायला छापील वाक्यं दिली होती. "असं कोण बोलतं?" म्हणून आईने ती बाजूला ठेवली आणि स्वतःचं सुरू केलं. दुकानदाराशी घातलेली हुज्जत, पाण्याला घाबरणाऱ्या पोरांची समजूत, चिमीवरची ओरड, सगळं. मागे थोरल्याच्या पंख्याची घरघर चालूच.

बोलणं संपलं की चिमी मला थोरल्याला जोडायची, सगळं माझ्यात उतरवायची आणि ताबडतोब काढायची. यात शहाणपण काही नव्हतं. त्याच भोकात तिला शिलाईचा छोटा दिवा लावायचा असायचा. शेवटच्या दिवशी आईने नुसत्या हाका भरल्या. "चिमे." "अगं चिमे." "चिमे, उठलीस का?" त्या दिवशी हॉस्पिटलला निघायची घाई झाली आणि मला जोडायचं राहून गेलं.

आई बरी होऊन घरी आली, पण श्वास आता गळ्याच्या भोकातून. एकदा तिने जुनी शिट्टी ओठांत धरून पाहिली. वाजेना, तोंडात वाराच येत नव्हता. शिट्टी तिने परत खिळ्याला अडकवली आणि पाटी घेतली. जे सांगायचं ते पाटीवर लिहून.

चिमीच्या मनात आलं, बाईंकडे आवाज पाठवण्याआधी ती पंख्याची घरघर काढून टाकावी. आईचा आवाज कसा स्वच्छ जायला हवा. घरघर काढणारा प्रोग्राम विकतचा होता, म्हणून तिने कुठल्याशा साइटवरून तोच फुकटात उतरवला. सोबत सूचना होती, बसवताना अँटिव्हायरस बंद ठेवा. राखणदाराला रजा द्या म्हणणारा पाहुणा घरात घ्यायचाच कशाला? पण मला तोंड कुठे आहे? चिमीने अँटिव्हायरस बंद केला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग थोरल्याचा पंखा जोरात फिरायला लागला. चिमी कापड कापत होती, तिला वाटलं उकाड्याने असेल. मला मात्र आतल्या डिस्कची धडपड ऐकू येत होती. कोणीतरी तिच्याकडून एकेक फाईल उघडवून घेत होतं, आतलं सगळं उलटंपालटं करत होतं आणि बाहेरून कुलूप लावत होतं. प्रत्येकीच्या नावाला एक विचित्र शेपूट लागत होतं. आधी खिडक्यांची मापं गेली, मग फोटो, मग आईचा आवाज. मी खणात पडल्या पडल्या ऐकत होते आणि काही म्हणजे काही करू शकत नव्हते.

शेवटी थोरल्याच्या पडद्यावर पत्र उमटलं. तुमच्या फाईल्सना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी तर पैसे पाठवा. खाली एक घड्याळ उलटं धावत होतं. चिमीने आईची एक फाईल दाबली. उघडेना. दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग ती कात्री हातात तशीच धरून जमिनीवर बसली.

तिने सावकाशकाकांना फोन लावला. हे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवतं की नाही कोण जाणे. फोन स्पीकरवर टेबलावर होता.

"सावकाश," काका म्हणाले. "पहिलं म्हणजे इंटरनेटची वायर उपट. पैसे पाठवू नकोस, पैसे घेऊन किल्ली देतीलच असं नाही. आणि मी येईपर्यंत त्याला दुसरं काहीही जोडू नकोस."

चिमी तोवर वायर उपटायला टेबलाखाली शिरली होती. काकांचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलंच नाही. दारात उभ्या असलेल्या आईने ते ऐकलं. बोलणं गेल्यापासून तिचं ऐकणं फार वाढलं होतं.

चिमी वर आली आणि तिला मी आठवले. "बाहेरची आहे की!" म्हणत तिने खण खस्सकन ओढला. इतक्या आनंदाने मला कधी कोणी उचललं नव्हतं, आणि मी भीतीने अर्धमेली झाले होते. वायर उपटली म्हणून चोर थोडाच गेला होता? तो थोरल्याच्या आतच दबा धरून होता. मला जोडायचा अवकाश, की तो माझ्यात शिरणार आणि मलाही कुलूप लावणार. आईचा आवाज आता साऱ्या जगात फक्त माझ्यापाशी उरला होता. वायरचं एक टोक माझ्यात बसलं. दुसरं थोरल्याच्या भोकाशी गेलं.

आईने तोंड उघडलं. गळ्यातून नुसता वारा बाहेर पडला.

मग दोन टाळ्या वाजल्या.

चिमीचा हात तिथूनच मागे आला. डोक्याच्या आधी हाताला कळलं. मला छातीशी घट्ट धरून ती भिंतीपर्यंत मागे सरकली आणि तिथे पोचल्यावर तिने विचारलं, "का?"

आईने पाटीवर लिहिलं, "तो अजून आत आहे."

काका आले. त्यांनी पत्राचा फोटो काढला आणि फाईल्सच्या शेपटावरून चोराचं कूळ शोधलं. काही कुळांच्या किल्ल्या जाणकारांनी फुकट उपलब्ध करून ठेवलेल्या असतात. आमच्या चोराची नव्हती. पैसे भरून टाकू का, असं चिमीने हळूच विचारलं तेव्हा ते म्हणाले की मग हे देणारं घर आहे म्हणून चोरांमध्ये बोभाटा होईल. त्यांनी थोरल्याची आतली डिस्क काढून बाजूला ठेवली, जागी कोरी बसवली, सगळं पहिल्यापासून उभं केलं आणि अँटिव्हायरस चालू करून दिला. चिमीला तिचे सगळे पासवर्डही बदलायला लावले.

मग माझी पाळी. काकांनी स्वतःचा स्वच्छ लॅपटॉप आणला होता. मी कितीतरी दिवसांत फिरले नव्हते. पहिल्या झटक्याला आत टक्क वाजलं. पुन्हा टक्क. चिमीने शिवायला घेतलेल्या पडद्याची कड मुठीत धरली. सावकाश म्हणायचं काकाही विसरले. एवढ्यांचा जीव माझ्यात अडकलेला आणि माझाच ठिकाणावर नव्हता. कशीबशी मी फिरले.

खोलीत आईचा आवाज आला, "अगं, तो पंखा बंद कर आधी. माझ्यापेक्षा तोच जास्त बोलतोय."

चिमी रडायला लागली. आईचे नुसते खांदे हलत होते, ती हसत होती.

मग चिमीने हाका शोधल्या. पुन्हा पुन्हा शोधल्या. "काका, यात माझी हाक नाही."

काकांनी बाजूला ठेवलेल्या डिस्ककडे बोट दाखवलं. म्हणाले, "ती काढलेली डिस्क फेकू नकोस. कधी कधी पुढे किल्ली सापडते. कधी सापडत नाही."

आता आईचा टॅबलेट बोलतो. पंख्याची घरघर चिमीने तशीच राहू दिली. 'चिमे' हा शब्द टॅबलेट इकडून तिकडून आवाज जुळवून म्हणतो, तो आईला पटत नाही. लेकीला बोलवायला ती एक टाळी वाजवते. खणात माझ्या शेजारी ती कुलूपबंद डिस्क असते. वीज नाही, वायर नाही, ती मला काय करणार? तरी मी तिला घाबरते. मग आठवतं, चिमीच्या हाका हिच्याच पोटात आहेत, आणि मी जरा तिच्याकडे सरकून राहते.

तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिला आठवणीने जोडा, घाईच्या दिवशी तर नक्कीच. आणि काम झालं की काढा. जोडून ठेवण्यात माया नाही.

चिमी आता न चुकता मला जोडते. तेवढा वेळ मी जीव मुठीत धरून असते. सगळं उतरलं की आई टॅबलेटवर बोट ठेवते, आणि मागच्या घरघरीसकट तिच्या स्वतःच्या आवाजात खोलीत शब्द येतो, "बाहेर."

चिमी वायर काढते.