टाकीवरचं रक्त

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. अपघातात गेलेल्या तरुणाची मोटारसायकल आज आपल्या मारेकऱ्याचं नाव सांगणार, अशी आवई उठली होती. माझा दवाखाना त्या घरासमोरच. पेशंट रांग सोडून गर्दीत घुसले, तसा मीही बाहेर आलो.

अंगणात लाल गाडी उभी होती. पुढचं चाक वाकलेलं, दिवा फुटलेला. शेजारी फडकेबाबा. कुठल्याही वस्तूवर पांढरं फडकं फिरवून तिच्या पोटातलं पाप बाहेर काढतात, असा या महाराजांचा लौकिक. बोलताना ते डोळे मिटत. एक डोळा जरा कमीच मिटत.

“लोखंडाला सगळं आठवतं,” ते म्हणाले. “माणूस खोटं बोलेल, लोखंड नाही.”

बाटलीतलं दुधाळ मंत्रजल त्यांनी फडक्यावर ओतलं. आधी मागचा मडगार्ड पुसला. फडकं नुसतं मळलं. मग त्यांनी पेट्रोलची टाकी घासायला घेतली. फडकं गुलाबी झालं, मग लालभडक. पुढची माणसं मागे सरकली.

“रक्त,” महाराज म्हणाले. “मागे बसला होता, त्यानंच घात केला.”

मागे बसला होता धाकटा भाऊ. तो वाचला, एवढाच त्याचा गुन्हा.

“अण्णा, ट्रक अंगावर आला हो,” तो बापाला म्हणाला. “मी दादाला कशाला...”

पहिला फटका बापानंच मारला. थोरल्याचं हेल्मेट उचलून धाकट्याच्या तोंडावर हाणलं. दात तुटून ओठातून बाहेर आला. मग कुणालाच धरबंद राहिला नाही. कुणी गाडीचा तुटलेला फूटरेस्ट उचलला, कुणी त्याचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. मी मध्ये पडलो, तर कोपर बसून माझा चष्मा फुटला. ज्यांना मी वर्षानुवर्षं औषध देत होतो, तीच माणसं बरगड्यांवर लाथा घालत होती.

तेवढ्यात थोरल्याची बायको घरातून आली. तिनं महाराजांच्या हातातून बाटली हिसकावली, दुसरं कोरं फडकं ओलं केलं आणि घराचं लाल दार जोरजोरात घासू लागली. फडकं लाल झालं. ते तिनं सासऱ्यांच्या तोंडासमोर धरलं.

“या दारानं कुणाला मारलं, मामंजी?”

हात थांबले.

“टाकीला पोचा आला, तेव्हा ह्यांनी ती घरीच रंगवली. उरलेला रंग दाराला लावला,” ती म्हणाली. “मडगार्डचा रंग कंपनीचा, त्याच्यावर पारदर्शक लॅकरचा थर आहे. टाकीवर तो मारलाच नाही. उन्हानं रंगाची भुकटी होते, घासलं की फडक्यावर येते. म्हणून आम्ही टाकी साबणाच्या पाण्यानं, हलक्या हातानं पुसायचो. तरी फडकं गुलाबी व्हायचंच. मीच धूत होते ना ती.”

मी बाटली हुंगली. रॉकेलचा वास आला. बोटांत चोळलं, तर बारीक कचकच लागली. गाडीला चकाकी आणायचं रबिंग कंपाउंड पाण्यात कालवलं होतं.

“हे मंत्रजल कुठल्या दुकानात मिळतं, महाराज?” मी विचारलं. ते अंगणाच्या फाटकाकडे सरकत होते. लगेच कुणीतरी त्यांच्या कानफटात लगावली आणि तोच फूटरेस्ट पुन्हा वर गेला.

“खाली ठेवा तो,” ती म्हणाली. “तुम्हाला हात साफ करायला कुणीही चालतं.”

महाराजांना पोलिसांनी नेलं. मारणाऱ्यांपैकी काहींनाही नेलं. बाकीचे आपण मागे उभे होतो असं सांगत घरी गेले.

धाकट्याच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. इस्पितळात बाप उशाशी बसून होता. टाके घातलेल्या ओठांनी मुलगा म्हणाला, “अण्णा, मारायच्या आधी एकदा मला विचारायचं होतं.” म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं नाही.

फडक्यावर लाल दिसलं, ते खोटं नव्हतं. त्याला रक्त म्हणणं खोटं होतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर तीच बाटली, तेच फडकं मागून घ्या आणि दुसऱ्या एखाद्या वस्तूवर फिरवून पाहा. देत नसेल, तर काय ते तिथंच समजा. आणि तोवर हात खाली ठेवा.