उबेला ठेवलेला खोका

सरडा म्हणालात तर राग येईल मला. मी पाणसरडा. नावात सरडा शिरलाय त्याला माझा इलाज नाही, पण आम्ही बेडकांच्या भावकीतले. अंग काळं आणि खरखरीत, पोट नारिंगी, त्यावर काळे ठिपके. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, तुमच्या अंगठ्याच्या ठशासारखे. वयात आलेल्या नराच्या पाठीवर वसंतात तुरा उभा राहतो. यंदा तो मला आलाय, आणि त्याचंच मला दुःख आहे.

तिसा नदीकाठच्या एका सर्बियन गावात, वीटभट्टीसाठी माती काढून झालेल्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. तिथं आमच्या कैक पिढ्या नांदल्या. झिवान कालव्याच्या पंपावर नोकरीला होता, पन्नाशीचा, अबोल. एका एप्रिलमध्ये वरून हुकूम आला, खड्डा उपसा, तिथं सूर्यफूल लावायचंय. लहानपणी तो त्याच काठावर पालथा पडून आम्हाला बघत बसायचा, आणि उपसायचं काम नेमकं त्याच्याच वाट्याला आलं. त्यानं पंप चालू केला. पाणी गुडघ्याखाली येताच तो बुटांसकट आत उतरला. पाणवेलीच्या दुमडलेल्या पानांत आमच्या आयांनी एकेक अंडं जपून ठेवलं होतं. हाताला लागली तेवढी पानं त्यानं बादलीत भरली. मोठी मंडळी चिखलातच मेली. बादलीतल्या एका पानात मी होतो.

आमच्यात निम्मी अंडी अशीच वाया जातात, त्यात कुणाची चूक नसते. उरलेले आम्ही बाहेर पडलो आणि एकमेकांनाच खायला लागलो. खोटं कशाला बोलू, एका भावाची शेपटी मीही तोडली. मग झिवाननं एकेकाला वेगळ्या बरणीत घातलं. बरण्या त्याच्या आईच्या, पेर्सिदाबाईच्या.

“अरे, मिरच्यांची चटणी आता कशात भरू? माझ्या डोक्यात?” ती कडाडली.

“चार दिवस दे गं, आई.”

“लोकांची पोरं डुकरं पाळतात, कोंबड्या पाळतात. आमच्या शहाण्यानं काय पाळलंय, तर हे!”

एवढं बोलून तिनं स्वतःचा जुना लांब मोजा काढून दिला. त्यातून डबक्याचं पाणी गाळून झिवान आमच्या खाण्यासाठी पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले बारीक किडे, आणायचा.

हिवाळ्याआधी आमचे कल्ले गळाले आणि आम्ही पाण्याबाहेर आलो. तेव्हा आठ जण उरलो होतो. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, त्याला भोकं पाडलेली, आत ओलं शेवाळ आणि फुटकं कौल, हे आमचं घर. झिवान चिमट्यानं गांडुळाचे तुकडे भरवायचा. प्रत्येकाला उताणं करून पोटावरचे ठिपके वहीत काढायचा, म्हणजे कोण कोण आहे ते कळावं. पेर्सिदाबाईला वहीची गरज लागत नसे. मला ती काजळ्या म्हणायची आणि लांबूनही बरोबर ओळखायची.

सुट्टीच्या दिवशी झिवान परसात खणत असे. तळं त्यानं एकट्यानं खणलं, पाणवेली लावल्या, काठाला दगड रचले. “वयात आलात की इथंच,” तो म्हणायचा. “तुमची पोरंबाळं इथं होतील.” त्या सगळ्या मुलखात आमच्या खड्ड्यातलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. जे काही होतं ते आम्ही आठ जण.

आता थंडीचं सांगतो. आम्हाला गारठा लागतो. गारठ्यात हलायचं नाही, खायचं नाही, एकमेकांवर ढीग करून निजायचं. तसा हिवाळा निघाला तरच वसंतात आम्ही वयात येतो. म्हणून खोका तळघरात असे, बटाटे आणि कोबीच्या पिंपाशेजारी, खिडकी किलकिली ठेवून. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्यात झिवानला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी शहरात जावं लागलं.

“खिडकी लावायची नाही, झाकण उघडायचं नाही,” त्यानं बजावलं.

“आणि आरपार वारा लागला म्हणजे?”

“आई, त्यांना वारा लागत नाही.”

“सगळ्यांना लागतो. तुझे बाबा कशानं गेले?”

“हार्ट अटॅकनं.”

“तो अटॅक वाऱ्यानंच आला.”

झिवान हसला आणि गेला. आठवड्यानं परत येणार होता, पण टाक्यांत पू झाला आणि त्याला तीन आठवडे लागले.

त्याच दिवसांत बर्फ पडलं. पेर्सिदाबाई बटाटे न्यायला खाली आली, खिडकीतून येणारा वारा तिच्या कमरेला झोंबला. ती खोक्यापाशी थांबली. “माझी लेकरं गं,” एवढंच म्हणाली. तिनं अंगावरची लोकरी शाल काढून खोक्याला गुंडाळली, भोकांत बोळे कोंबले आणि धापा टाकत आम्हाला वर नेलं, थेट पेटत्या शेगडीपाशी. झाकण मात्र उघडलं नाही. शब्द दिला होता ना तिनं.

पहिले दोन दिवस फार बरं वाटलं. अंग सैल झालं, जाग आली. मग भूक लागली, आणि खायला काही नव्हतं. शेवाळ सुकत गेलं. आम्ही कौलाखाली पुन्हा एकमेकांना बिलगलो. मी सगळ्यांत खाली होतो. माझ्या अंगावर माझी बहीण होती, तिच्यावर बाकीचे. त्यांच्या अंगचा ओलावा मला मिळत राहिला. त्यांना कुणाचा मिळाला नाही.

झिवाननं आल्या आल्या खोका पाहिला. “कॉफी टाकतेस का, आई?” तो म्हणाला. ती आत गेल्यावर त्यानं झाकण काढलं. एकेकाला बोटानं हलवून पाहिलं; हललो तो मी एकटाच. मग मला ओल्या फडक्यात ठेवलं, आणि रात्री आई निजल्यावर बाकीच्या सातांना परसातल्या तुतीखाली पुरलं. गोठलेली जमीन खणताना त्याचे टाके दुखत होते.

“कुठं गेले सगळे?” सकाळी तिनं विचारलं.

“काल तू निजल्यावर सेंता गावचे एक मास्तर आले होते. त्यांना दिले. त्यांच्याकडं मोठं तळं आहे.”

“बघ, उबेला ठेवले म्हणून धडधाकट राहिले,” ती म्हणाली. झिवाननं मान हलवली.

उरलेली थंडी मी पुन्हा तळघरात काढली. मार्चमध्ये त्यानं मला तळ्यात सोडलं. थोड्याच दिवसांत पाठीवर दातेरी तुरा उभा राहिला, शेपटीवर चंदेरी पट्टा आला. पेर्सिदाबाई काठावर स्टूल टाकून बसली होती.

“झिवान! अरे, काजळ्या बघ किती नटलाय! कुणासाठी रे एवढं?”

झिवान वाकून काठाचे दगड नीट करू लागला.

“एकटा आहे बिचारा. त्या मास्तरांना फोन कर. एखादी परत द्या म्हणावं.”

“करतो, आई.”

“कधी?”

“करतो म्हटलं ना.”

माझी तुम्हाला एकच विनवणी. कधी त्या काठावर ती म्हातारी भेटली, तर मास्तर द्यायला तयार आहेत असंच सांगा. मला तिचा राग नाही. माझी भावंडं आठवली की जीव कासावीस होतो, पण तिचा राग येत नाही. पाण्यात माझ्याशिवाय कुणी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ती आली की मी वर येतो, पाठ वाकवतो, मादीपुढं नाचावं तसा शेपटी हलवून नाचतो. ती टाळ्या वाजवते. आणि आत जाताना रोज विचारते, “झिवान, फोन लागला का रे?”