दुपारचा सोडा

अण्णांना पाणी गिळता येत नाही. मऊ भात जातो, शिरा जातो, दुधात कुस्करलेली पोळीही जाते. पाणी मात्र घशात वाट चुकतं आणि छातीत उतरतं. अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्मभर स्वारगेटच्या डेपोतून बस काढली, आणि एका सकाळी दाढी करताना अर्धं तोंड बधिर झालं, ते तसंच राहिलं.

मध्ये एकदा छाती भरली. हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, ती त्यांनी उपसली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. मग हात पलंगाला बांधले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या बांधलेल्या हातांवर पदर पसरून बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

घरी आणल्यावर गिळायचं शिकवणाऱ्या हेमा मॅडम यायला लागल्या. त्यांनी पाणी घट्ट करायची पावडर दिली. अण्णांनी एक चमचा तोंडात घेतला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ही खळ आहे. मला काय भिंतीला चिकटवताय?"

त्यानंतर तोंडच उघडेनात. ओठ सुकून सालपटं निघाली. हेमा मॅडम म्हणाल्या, असंच चाललं किंवा पुन्हा खोकला सुरू झाला, तर नळीशिवाय इलाज नाही. मी मान हलवली. आतून काही वाटतंय का, ते चाचपून बघितलं. काही नव्हतं. स्वराली झाल्यापासून माझं असंच आहे. दूध येतं, झोप येते. बाकी काही येत नाही.

सोड्याचं मशीन माझ्या नवऱ्यानं, सुदर्शननं आणलं ते निव्वळ हौसेनं. कात्रजला आमच्या सोसायटीत सध्या ज्याच्या त्याच्या ओट्यावर, मिक्सरशेजारी, हे मशीन. बाटलीत गार पाणी भरायचं, खाली अडकवायची, बटण दाबायचं. सिलिंडरमधला गॅस फुस्स करून पाण्यात शिरतो. मग त्यात कोकम, जलजिरा, लिंबू, आणि त्या ग्लासांचे फोटो. गाडीवर गोटी फोडून मिळायचा तो सोडा आता घरोघरी.

"काय रे, दिवसाढवळ्या फुस्स फुस्स?" शेजारच्या वासंतीकाकूंनी दारातूनच विचारलं. "ग्लास घेऊन येऊ का?"

"या की. चखणा तेवढा तुमचा," सुदर्शन म्हणाला.

आईंना ते अजिबात आवडलं नाही.

ते मशीन बघून हेमा मॅडम थांबल्या. म्हणाल्या, काहींच्या घशाला या बुडबुड्यांनी जाग येते. सगळ्यांना नाही, पण बघू. अण्णांना ताठ बसवलं, हनुवटी खाली घ्यायला लावली, आणि ताजा, नुसता सोडा चमच्यानं दिला. गिळला. खोकला नाही. दुसरा चमचा गिळला. अण्णांच्या चांगल्या बाजूचा डोळा बारीक झाला. आई भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी बाटलीचं झाकण लावलं.

मग सकाळचा सोडा मी पाजायला लागले. दुपारी स्वरालीला झोपवायला मी आत जायचे, तेव्हा आई पाजायच्या. थोडे दिवस बरे गेले, आणि मग भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायला लागला. दुपारचाच. मला वाटलं, जेवणानंतर थकत असतील. हेमा मॅडमना फोन केला, तर त्यांचा आवाज बदलला. "मी उद्या येते. छाती तपासू. नळीची तयारी ठेवा मनाची."

त्या दुपारी स्वराली मांडीवरच झोपली, तशीच तिला घेऊन मी बाहेर आले. आई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. माझी पावलं त्यांना ऐकू आली नाहीत. लहान मुलाचं दूध निववतात तसा त्या सोडा या फुलपात्रातून त्या फुलपात्रात ओतत होत्या. पुन्हा इकडून तिकडे. मध्ये वाकून बघत होत्या, बुडबुडा राहिला का ते.

"आई, काय करताय?"

"वारा काढतीये गं. एवढा गॅस पोटात गेला तर पोट फुगंल त्यांचं. आधीच वाताची प्रकृती हाय." आई लोणी काळभोरच्या, घाईत असल्या की तिकडचं बोलतात. "चुळचुळ करत असतंय नुसतं. मी निवांत करून देते."

मी ओट्याला टेकले. "आई, तो वाराच औषध आहे. त्याच्याशिवाय ते साधं पाणी."

"वारा कधी औषध असतोय?"

"ह्यांच्या घशाला आहे."

त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं.

"म्हंजी दुपारचा खोकला माझ्यामुळं?"

नाही म्हणावंसं वाटलं. पण उद्या हेमा मॅडम येणार होत्या, आणि मला ते पलंगाला बांधलेले हात दिसत होते.

"हो," मी म्हटलं.

बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. शब्द ओढत, मध्ये थांबत. "लग्नापास्नं... हिच्या हातचं... सपकच पितोय."

आम्ही दोघी बाहेर गेलो. "तुम्हाला कळत होतं?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. कळत होतं.

"मग बोलायचं नाही का, अहो?" आईंचा आवाज फाटला. "मी पाजतीये, तुम्ही खोकताय, आणि पिताय आपले?"

आईंच्या पदराचं टोक हातात आलं, तेवढं धरून अण्णा बसले.

मी स्वयंपाकघरात जाऊन एका हातानं नवी बाटली लावली, बटण दाबलं. त्या आवाजानं स्वराली दचकून उठली आणि रडायला लागली. मी फुलपात्र भरून आणलं आणि आईंपुढे केलं.

"मी नाही. तूच पाज."

"मला हिला घ्यायचंय. लवकर द्या, वारा जायच्या आत."

त्यांनी फुलपात्र घेतलं. बुडबुडे काठावर उडत होते. मी आत गेले, दार उघडंच ठेवलं, स्वरालीला छातीशी घेतलं. बाहेर चमचा फुलपात्राला लागल्याचा आवाज आला. "हनुवटी खाली घ्या," आई म्हणत होत्या. "अजून खाली."

मी खोकल्याची वाट बघत होते. किती वेळ श्वास धरला होता ते स्वरालीनं कुरकुर केली तेव्हा कळलं. बाहेर शांत होतं. मग एक लांबलचक, डेपोभर ऐकू जाईल असा ढेकर आला.

"बघा. म्हटलं नव्हतं?" आई म्हणाल्या, आणि पुन्हा चमचा वाजला.